दुसऱ्यांच्या खिडक्या

माझ्या आत्याला दुसऱ्यांच्या घरात शिरून खोट काढायचा पगार मिळतो. बाकीच्या नणंदा हे काम फुकट करतात, असं बाबांचं म्हणणं. अर्थात हे ते आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानेच म्हणतात.

भाड्याची जुनी घरं तपासणं हे तिचं काम. पूर्वी रंगात शिसं घालायचे. रंग चकचकीत दिसायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा. आता तोच रंग म्हातारा होऊन पोपडे टाकतो. खिडकी उघडली-मिटली की घासून त्याची पिठासारखी धूळ पडते, रांगणारं मूल त्या धुळीतून हात फिरवतं आणि हात तोंडात घालतं. शिसं लहानांच्या थेट डोक्यावर जातं: बोलायला उशीर, शिकायला उशीर, आणि एकदा झालेलं नुकसान सहजी भरून येत नाही. म्हणून जुन्या घरात लहान मूल असलं की भाडेकरूने कळवायचं आणि ऑफिसने आत्याला पाठवायचं. आत्याकडे हेअर ड्रायरसारखी दिसणारी एक बंदूक असते. ती भिंतीला टेकवून घोडा दाबला की रंगाच्या सगळ्या थरांत मिळून शिसं किती, ते आकड्यात दिसतं.

रस्त्याकडची भिंत अ, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ब, क, ड, ही त्यांच्या ऑफिसची लिहायची पद्धत. आत्याने ती सगळ्या जगाला लावून टाकलीय. "अगं, माझा चष्मा क भिंतीच्या फळीवर राहिला बघ." दवाखान्यात एकदा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "डॉक्टरांची खोली सापडली ना?" तर ही म्हणाली, "हो हो, ब भिंतीतलं दार." ती मुलगी बिचारी अजून ब शोधत असेल.

आणि घरमालक! घरमालकांचे तर तिच्याकडे नमुने आहेत. एक जण छाती पुढे काढून म्हणाला, "मॅडम, आमच्या आजोबांनी लहानपणी हाच रंग चाटला, आणि ब्याण्णव वर्षं ठणठणीत जगले!" आत्या म्हणाली, "मग आता तुम्ही चाटा. मी थांबते."

पण आत्याची खरी ओळख ही नव्हे. खरी ओळख म्हणजे आत्या जळते. माणसांवर नाही, म्हणजे माणसांवर नंतर. आधी घरांवर. दिवसभर लोकांच्या घरात गुडघे टेकून बसायचं, आणि संध्याकाळी त्या घरांना नावं ठेवत चहा प्यायचा. "आज एक माळा बघितला. माळा कसला, खोलीच ती! त्यात काय ठेवलंय? फुटका पंखा. देव देतो चणे तिथे दात नसतात." दुसऱ्या दिवशी कुणाची तरी गॅलरी: "दोन खुर्च्या मावतात, बरं का. एक नाही, दोन. दुसरीवर बसायला कुणी नाही, तरी दोन." खिडकी सुंदर असली तर विचारूच नका. बंदुकीचा आकडा वर गेला की तिचा चेहरा कनवाळू होतो. "आई गं, काय खिडकी होती! पण सोलत होती." त्या 'पण'मध्ये जो गोडवा असतो ना, तो साखरेतही नसतो.

ती स्वतः राहते नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, शिसं औषधालाही नाही. खिडकी एकच, आणि ती उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. आत्या म्हणते, "ती पण मी माझ्याच घरात धरते. इ भिंत."

तर अशा बाईच्या सख्ख्या भावाने कुठे राहावं? ज्याच्यासाठी तिने सतरा वर्षांपूर्वी मान मोडून प्रयत्न केले होते, त्याच घरात.

आमचं घर भाड्याचं आणि नव्वद वर्षांचं. पुढच्या खोलीत ओळीने तीन उंच खिडक्या आहेत, लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या. सकाळी ऊन असं आत येतं की जमिनीवर तीन पांढरी दारं उघडल्यासारखी दिसतात. हे घर आधी बघून आली ती आत्या. मालकीणबाईंना तिने सांगितलंही, "मी घेते." मालकीणबाईंचा आवाज म्हणजे जुनं दार, प्रत्येक शब्दाला कुरकुर: "एकट्या बाईला एवढं मोठं घर करायचंय काय? माझ्या हयातीत तरी मी इथे कुटुंबच ठेवीन हो." आत्याने घरी येऊन हे सांगितलं. बाबांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. बाबा म्हणाले, "बरं, बरं, बघू." आणि पुढच्या आठवड्यात घर बाबांना मिळालं.

बाबा आजही म्हणतात, "ताई, तुलाच विचारून घेतलं होतं ना?" आत्या म्हणते, "विचारलंस रे. चावी हातात घेऊन विचारलंस."

तेव्हापासून आत्या आमच्याकडे आली की चपला काढते, अ भिंतीकडे जाते, आणि मधल्या खिडकीच्या कट्ट्यावरून एक बोट फिरवते. मग बोट बघते. बोट स्वच्छ. कारण माझी आई त्या तिन्ही खिडक्या सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्याने पुसते. आत्या बोट बघते, आई आत्याकडे बघते, आणि मग आई विचारते, "चहा ठेवू ना, ताई?" सतरा वर्षं हा एकच प्रवेश चालू आहे. नेहमी 'ताई'. 'वन्सं' हा शब्द आईने कपाटात वेगळा ठेवलाय, ठेवणीतल्या साडीसारखा. तो खास प्रसंगीच बाहेर येतो.

"घर छान आहे हो," आत्या चहा फुंकत म्हणायची. "पण जुनं आहे. मी काही बोलत नाही. पण नव्वद वर्षांच्या खिडकीने कधी ना कधी दात दाखवले नाहीत, असं मी एक घर बघितलं नाही."

"मग तपासून टाका ना एकदा," आई म्हणायची.

"छे! मी कशाला तपासू? काही निघालं तर म्हणाल, ताई जळते."

"छे, असं कोण म्हणेल?" आई म्हणायची, आणि मान वळवून माझ्याकडे असं बघायची की मला ठसका लागायचा.

मग आमच्याकडे, म्हणजे मी पंधरा वर्षांची झाल्यावर, माझा भाऊ जन्मला. सगळे त्याला ढब्बू म्हणतात. त्याच्याकडे पाहिलं की कारण कळतं. आणि ढब्बू रांगायला लागल्यापासून आत्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं काहीतरी आलं, ज्याच्यावर दुसऱ्या कुणीतरी जळावं.

झालं असं, की आत्या रोज काम संपवून सव्वापाचला थेट आमच्याकडे यायची. दार वाजलं की ढब्बू आईच्या मांडीवरून उतरायचा. आईच्या! हातातलं बिस्कीट टाकून, दुडुदुडु रांगत, थेट दारापाशी. आत्या बॅग खाली ठेवून चटईवर बसायची आणि हा तिच्या मांडीत. तिथे बसून बॅगेचा पट्टा धरायचा, चघळायचा, दात शिवशिवायचे ना त्याचे, आणि गालातल्या गालात हसायचा. आईने हाक मारली तरी ढिम्म.

"बघ, बघ! आईला सोडून माझ्याकडे आला," आत्या म्हणायची. "रक्त ओळखतं गं रक्ताला."

"माझं काय पाणी आहे का?" आई स्वयंपाकघरातून म्हणायची आणि त्या दिवशी भांडी जरा मोठ्याने घासली जायची.

आत्याचा तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तीन खिडक्या तुझ्या, ऊन तुझं, नवरा माझाच भाऊ असून तुझा. पण हा माझा. बोलायची नाही, पण मांडीतल्या ढब्बूला थोपटायची अशी की थापटीथापटीला ते ऐकू यायचं. आणि आई जळायची. उघड उघड जळायची. मला तर फार मजा यायची. दोघींपैकी कुणाची बाजू घ्यायची हे मी रोज बदलायचे.

ढब्बू चौदा महिन्यांचा झाला तेव्हा त्याचं रक्त तपासायला दिलं. सगळ्याच मुलांचं देतात. चार दिवसांनी नर्सबाईंचा फोन आला. नर्सबाई नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्य 'घाबरायचं काही नाही'ने सुरू करतात, त्यामुळे माणूस पहिल्या वाक्यालाच घाबरतो. "घाबरायचं काही नाही हं. पण बाळाच्या रक्तात शिसं आलंय. सात. साडेतीनच्या वर गेलं की आम्ही फोन करतो. घाबरायचं नाही. घर जुनं आहे का?"

आईने फोन ठेवला तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते आणि आत्या चटईवर होती, ढब्बू मांडीत. आईने सांगितलं.

"सांगत होते मी!" आत्या म्हणाली.

तिच्या तोंडून हे आधी निघालं. मग लगेच "अगं बाई", मग "किती म्हणालीस, सात?", मग ढब्बूला छातीशी धरणं, मग डोळ्यांत पाणी, आणि ते पाणी खरं होतं, मी शपथेवर सांगते. पण पहिलं वाक्य ते पहिलं वाक्य. आईने ते ऐकलं आणि आत कुठेतरी पक्कं ठेवून दिलं.

आता नातेवाइकाचं घर आपण तपासायचं नाही असा आत्याच्या ऑफिसचा नियम. दुसरं कुणी यायचं तर तीन आठवड्यांची रांग. "तीन आठवडे!" आत्या म्हणाली. "तोवर पोराने खिडकी खाऊन संपवायची का?" आणि रविवारी सकाळी आठ वाजता ती दारात हजर. ऑफिसची पेटी आणि बंदूक ऑफिसात कुलपात. तिच्याकडे होती तिची रोजची बॅग: तिच्यात टॉर्च, मोजपट्टी, मापाची चौकट, रिकाम्या नळ्या, जमिनीवर टेकायच्या गुडघ्याच्या गाद्या, ओल्या वाइपचं पाकीट आणि कप्प्यात कोंबलेले हातमोजे. बंदूक नसली म्हणून काय झालं, धूळ तर टिपता येते.

धूळ टिपायची रीत मी त्या दिवशी बघितली. कट्ट्यावर मापाची चौकट ठेवायची. नवे हातमोजे घालायचे. ओला वाइप एका टोकापासून नागमोडी फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, घडी घालायची, आता आडवा फिरवायचा, पुन्हा घडी, आणि नळीत. नळीवर लिहायचं: पुढची खोली, अ भिंत, खिडकी एक. आत्या हे करत होती तेव्हा तिच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. एरवी चहाचा कप ठेवताना बशीत सांडणारी बाई, पण वाइपची घडी घालताना कुणी झोपलेल्या बाळाला दुलई घालतंय असं वाटावं.

शेवटी एक वाइप तिने पाकिटातून काढला, कुठेही न लावता घडी घातली आणि तसाच नळीत टाकला.

"हा काय वाया घालवलास?" मी विचारलं.

"वाया कसला? हा कोरा. हा कशालाच लागलेला नाही. म्हणजे ह्याच्यात शिसं शून्य यायला हवं. शून्य आलं तर बाकीच्यांत जे आलं ते घराचं. आणि ह्याच्यात काही आलं, तर ते घराचं नाही. तपासणाऱ्याचं. हाताचं, नाहीतर सामानाचं. मग सगळे नमुने फेकून द्यायचे." आणि मग, आईला ऐकू जाईल अशा बेताने, "वीस वर्षांत माझा कोरा कधी बिघडला नाही."

नमुने गेले प्रयोगशाळेत, तिच्या ओळखीतल्या माणसाकडे. गुरुवारी कागद आला. संध्याकाळी आत्या आली ती नेहमीसारखी चटईवर बसलीच नाही. बॅग नव्हती. ढब्बू रांगत आला तर "थांब रे राजा" म्हणून त्याला माझ्याकडे दिला. खुर्चीत बसली आणि घडी घातलेला कागद हातात धरून वाचायला लागली. खिडकी एक, मर्यादेच्या वर. खिडकी दोन, वर. खिडकी तीन, वर. जमीन, दाराजवळ, वर. स्वयंपाकघर, वर.

"सगळंच वर?" बाबा म्हणाले.

"सगळंच," आत्या म्हणाली. आवाजात ते 'सांगत होते मी' कुठे नव्हतं. मला वाटलं, वा, सुधारली.

बाबा म्हणाले, "बरं. बरं. बघू." पण ह्या वेळी त्यांनाही कळलं की हे वाक्य पुरणार नाही. आई उठून मधल्या खिडकीपाशी गेली आणि नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाईंना बोलावलं, आत्याही रजा टाकून आली. त्या आल्या, खिडक्यांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि कुरकुरल्या, "माझ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं हो. पण लहान मूल आहे, मी जोखीम घेणार नाही. तुम्ही दुसरं घर बघा. सावकाश बघा, पण बघा." मग आत्याकडे वळून, अगदी मधाळ, "तुम्ही विचारलं होतंत ना पूर्वी? आता घ्या की तुम्ही. तुमच्याकडे काही लहान मूल नाही, म्हणजे प्रश्नच नाही."

एका वाक्यात इतकं गोड आणि इतकं कडू भरायला कसब लागतं. आत्या हसली नाही की रागावली नाही. "बघते," म्हणाली. तिने तीन खिडक्यांकडे बघितलं. उन्हाची वेळ होती. तिन्ही पांढरी दारं जमिनीवर उघडी पडली होती, आणि सतरा वर्षांनी कुणीतरी तिला आत या म्हणत होतं.

मालकीणबाई गेल्या आणि आईने तो ठेवणीतला शब्द काढला.

"झालं ना मनासारखं, वन्सं?"

"वहिनी..."

"नाही, बोलू द्या मला. पहिल्या दिवसापासून तुमची नजर ह्या घरावर आहे. बोट फिरवून फिरवून शेवटी काढलंत ना काहीतरी? माझं पोर आजारी आहे हे कळल्यावर पहिला शब्द तुमच्या तोंडून काय निघाला? 'सांगत होते मी.' आठवतंय? मला आठवतंय."

मी आत्याकडे बघितलं. आता एक सणसणीत उत्तर येणार, आणि ते मला पुढे महिनाभर पुरणार, म्हणून मी कान टवकारले. आत्याने पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

आणि मग आईचं अवसान गळालं. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. "तुमचं काय चुकलं म्हणा," ती म्हणाली. "कागद खोटं थोडाच बोलतो? मीच. दिवसातून दोनदा पुसते. इकडून, तिकडून, खाचेत काडी घालून पुसते. मला वाटायचं, माझ्यासारखी खिडकी कुणी पुसत नाही. आणि त्याच हाताने त्याला भरवत होते. माझ्या हातून गेलं ते त्याच्या पोटात."

आईने आत्यासमोर हार मानलेली मी जन्मात बघितली नव्हती. आत्याने तर सतरा वर्षं ह्याचीच वाट बघितली होती. तिला ते मिळालं, ताटात वाढून मिळालं, आणि तिला ते गिळता येईना. ती उठली, पर्समधून तो कागद काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"घडी उघड," ती म्हणाली. "खालची."

आईने उघडली. शेवटची एक ओळ घडीच्या आत होती. कोरा: वर.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे माझं. घराचं नाही, माझं. मी कागद नेहमी खालून वाचते. आधी कोरा, मग बाकीचं. काल ऑफिसात उघडला आणि पहिली ओळ हीच वाचली. मग ती दुमडली." आत्या हे सगळं एका सुरात म्हणाली, नमुने लिहून घेताना बोलते तसं. "पेटीतले सीलबंद हातमोजे मिळाले नाहीत म्हणून बॅगेतले घेतले. पाकीट पण त्याच बॅगेतलं. त्या बॅगेत माझ्या गुडघ्याच्या गाद्या असतात. दिवसभर लोकांच्या खिडक्यांखाली, पोपड्यांत टेकलेल्या. ऑफिसची पेटी मी रोज पुसते. बॅग माझी स्वतःची, तिचा कुठे नियम नाही, म्हणून वीस वर्षांत एकदा पुसली नाही. नवशिक्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं. पण इतकी घाई झाली होती मला, वहिनी. तुझ्या खिडकीत शिसं सापडायची इतकी घाई झाली होती."

बाबा 'बरं' म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले.

"आणि ढब्बू?" आईने विचारलं, फार हळू.

"पट्टा," आत्या म्हणाली. "काल पट्ट्यावरूनही वाइप फिरवून दिलाय. आकडा यायचाय, पण मला आकड्याची गरज नाही. रोज सव्वापाच ते साडेसहा. तो माझ्याकडे नव्हता येत. पट्ट्याकडे येत होता."

आई ओरडली. आता काय काय ओरडली ते मी लिहीत नाही. अर्ध्याहून जास्त बरोबर होतं. शेवटी म्हणाली, "आत्ता जा तुम्ही. आणि मी सांगेपर्यंत येऊ नका." आत्याने चपला घातल्या. दारात म्हणाली, "तुझ्यासारखी खिडकी खरंच कुणी पुसत नाही. मी हजारो बघितल्यात." आणि गेली. आईने दार लावलं आणि चटई उचलून मोरीत धुवायला टाकली.

पट्ट्याचा आकडा आला तो इतका मोठा होता की बाबांनी चष्मा काढून परत वाचला. तीन आठवड्यांनी आत्याच्या ऑफिसातले दुसरे तपासनीस आले, सीलबंद हातमोजे, नवं पाकीट, बंदूक, सगळं घेऊन. हे गृहस्थ कुजबुजत बोलतात, जणू भिंत झोपलीय. "खालच्या थरांत शिसं आहे बरं का," ते कुजबुजले. "जुनं घर, असणारच. पण वरचा रंग शाबूत आहे आणि धूळ अगदी स्वच्छ. खिडक्या कोण पुसतं?" आईने सांगितलं. "तसंच चालू ठेवा," ते म्हणाले. त्यांचा कोरा शून्य आला. मालकीणबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "मी कुठे म्हटलं होतं लगेच जा म्हणून?"

ऑफिसात आत्याने आपणहून सगळं लिहून दिलं. तिला दोन महिने घरं तपासायला पाठवलं नाही, कागदांवर बसवलं. आता तिथे नियम आहे: स्वतःची बॅग कामाच्या घरात न्यायची नाही, गाद्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, कपडे बदलून मगच घरी जायचं. नवीन आलेली मुलगी म्हणे नाक मुरडून विचारत होती, "हा नियम कुणी काढला?" आत्याने हात वर केला.

ढब्बूचा आकडा तीन महिन्यांत सातावरून तीनावर आला. नर्सबाई म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही," आणि पहिल्यांदाच त्यापुढे 'पण' आला नाही. बोलायला लागलाय, पडतो, चालतो, नीट आहे. तरी पुढे दोन वर्षं बघत राहायचं. त्या संध्याकाळी आईने स्वतः फोन केला. "या," एवढंच म्हणाली. 'ताई' नाही की 'वन्सं' नाही.

आत्या आली. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, दोन्ही हात रिकामे. बोट फिरवायला अ भिंतीकडे गेली नाही. चटईवर जाऊन बसली आणि हात गुडघ्यांवर ठेवले, परीक्षेला बसल्यासारखी. ढब्बू आता चालायचा. तो तिला बघून थांबला. मग डुलत डुलत आला आणि आत्याने गुडघ्यांवरचे हात पुढे केले. त्याने तिच्या उजव्या बाजूला बघितलं. डाव्या बाजूला बघितलं. मागे जाऊन बघितलं. तिची ओढणी उचलून खाली बघितलं. पट्टा कुठेच नव्हता. तेव्हा त्याने तिच्याकडे बघून भोकाड पसरलं, आणि तसाच रडत आईकडे पळाला.

आईने त्याला कडेवर घेतलं. जिंकल्यावर माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे; आई तशी दिसत होती, आणि तसं दिसू नये म्हणून धडपडत होती.

"दोन-चार दिवस शोधेल," ती म्हणाली. "मग येईल."

"आणि नाही आला तर?"

आईने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तर मला फार बरं वाटेल, ताई. खोटं कशाला बोलू?"

आत्या हसली. पदराने, म्हणजे ओढणीनेच, डोळे पुसले. "मलाही तसंच वाटलं असतं," ती म्हणाली. साडेसहापर्यंत ती तशीच चटईवर बसून राहिली. ढब्बू आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत राहिला, पण उतरला नाही. मग ती उठली.

"उद्या येऊ?" तिने विचारलं. आमच्या घरी यायला आत्याने कुणाला विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"या," आई म्हणाली. "पण आंघोळ करून."